बाज धरायला चौघं लागतात

प्रश्न : मावशी, सलाम. मी चिंचवडला राहते, वय ३६. माझे मिस्टर चाकणच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर होते. मागच्या वर्षी पावसाळ्यात ड्यूटीवरून घरी येताना त्यांना अटॅक आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा चौथीत आहे. आम्ही दोघंही जन्मापासून ख्रिस्ती मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. हे तर तिथल्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) गायचे. आता मी उपासनेला जाते, पण शेवटच्या बाकावर बसते आणि उपासना संपतानाचा आशीर्वाद व्हायच्या आत निघून येते, कारण दारात सगळे विचारतात, "कशी आहेस?" गीत सुरू झालं की तोंड उघडत नाही. घरी प्रार्थनेला बसले तर "हे प्रभू" म्हणते आणि पुढे काही सुचतच नाही. उपास-प्रार्थनेच्या गटातल्या एका ताईंनी मला सांगितलं, "तुमचा विश्वास कमी पडला, नाहीतर ते वाचले असते." तेव्हापासून झोप उडाली आहे. कंपनीकडून कसले कसले फॉर्म आलेत, ते पिशवीतच पडलेत. गावाकडून दीर म्हणतात, इथला फ्लॅट विकून टाक आणि गावी ये, आणि एका कागदावर सही मागतात. मी धीर आणायचा कुठून? मी परत पहिल्यासारखी होईन का?
— एक बहीण, चिंचवड

उत्तर : सलाम, बाळा. आधी त्या ताईंचं बघू, कारण तुझी झोप त्यांनी उडवली आहे.

मी नर्स, माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की आतला स्नायू मरायला लागतो. पेशंट किती प्रार्थना करतो आणि त्याची बायको किती उपास धरते, हे ती वाहिनी बघत नाही. वेळेत दवाखाना मिळाला तर माणूस वाचतो, कधी मिळूनही वाचत नाही. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण बरं न झालेल्या माणसाच्या बायकोला हिशेब विचारायचा अधिकार प्रभूनं कुणाला दिल्याचं माझ्या वाचनात नाही. वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं स्वतः मागितलं होतं की हा दुःखाचा प्याला टळू दे. तो टळला नाही. तिथं कुणाचा विश्वास कमी पडला, हे ताईंना एकदा विचारायला हवं.

आणि आपल्या जवळचंच उदाहरण घे. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात शेकडो मुलींना आणून जगवलं, दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. त्या आवारात प्रार्थनेचा तुटवडा होता असं कुणीही म्हणणार नाही. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई स्वतः गेल्या. मधल्या महिन्यांत बाई काय करत होत्या? बायबलच्या मराठी भाषांतराचं हाती घेतलेलं काम पुरं करत होत्या. त्यांचा विश्वास कमी पडला, असं त्यांच्या तोंडावर म्हणायला कुणी धजलं असतं का? मग ते तुझ्या तोंडावर म्हणायचं धाडस लोकांना होतं, ते तू एकटी आहेस म्हणून. ताई पुन्हा काही बोलल्या तर तू उत्तर देत बसू नकोस. "पाळकसाहेबांशी बोला," एवढं म्हण आणि पुढं चल. मंडळीचे धर्मगुरू म्हणून हा वाद मिटवणं पाळकांचं काम आहे.

आता प्रार्थनेचं. "हे प्रभू" म्हणून तू गप्प होतेस, तर तेवढी प्रार्थना झाली असं धर. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र काढून वाच. बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठंतरी "तरी मी तुझी स्तुती करीन" असं येतं. यात ते नाही, शेवटच्या ओळीतही अंधारच आहे. आपल्या वाडवडिलांनी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही, बाकीच्या स्तोत्रांच्या शेजारीच ठेवलं. तेव्हा तुझ्या गप्प बसण्याला देवळात जागा आहे. शेवटच्या बाकावरही आहे.

मला जास्त काळजी वेगळी आहे. पत्रात तू तुझ्या जेवणाचं काहीच लिहिलं नाहीस. पोराला वाढतेस आणि स्वतः चहा-बिस्किटावर दिवस काढतेस, असा मला दाट संशय आहे. विधवा झालेल्या बाया हेच करतात, मी पुष्कळ पाहिल्या. बायबलमधला एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून म्हणाला, आता पुरे, मला मरू दे. देवदूत आला. त्यानं उपदेश केला नाही, विश्वासाची परीक्षा घेतली नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा गडवा उशाशी ठेवला आणि म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला. देवदूतानं परत उठवलं, परत खायला घातलं. पुढचं सगळं, तो डोंगर, तो वारा, देवाची ती मंद वाणी, त्यानंतर. म्हणून आजपासून रात्री मुलाबरोबर एका ताटाला बसून जेवायचं. झोप महिनाभरात सुधारली नाही तर डॉक्टरला दाखवायचं, आणि जाताना रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासून घ्यायचं. अंगात रक्त नसेल तर धीर तरी कुठून येणार?

आता तुझा खरा प्रश्न. धीर आणायचा कुठून? मला वाटतं, तू तो तुझ्या आत शोधते आहेस, म्हणून सापडत नाही.

माझे मिस्टर पक्षाघातानं अंथरुणाला खिळले तेव्हा मी वॉर्ड सिस्टर होते. अशा पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे मी नव्या पोरींना शिकवत असे. घरी आल्यावर कळलं की मला ते एकटीला जमत नाही. ते उंचपुरे, मी ही एवढीशी. सगळी विद्या होती, पण ताकद नव्हती. आमच्या मंडळीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे एक भाऊ होते. रविवारी पेटी वाजवायचे, एरवी फारसे कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांना कुणाकडून तरी कळलं. सकाळी सहाला लुनाचा आवाज आला, दारात उभे. "सलाम सिस्टर, कुठनं धरू?" एवढंच. मी चादरीची कडा त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, माझ्या बाजूला ओढा, खांदा आणि कंबर एकदम. त्यांच्या बोटांना तारेचं वार्निश लागलेलं असे, म्हणून ते आधी मोरीत जाऊन साबणानं हात धुवून यायचे. मग कूस बदलायची, मी पाठीला स्पिरिट आणि पावडर लावायची, ते तोंड फिरवून खिडकीकडे बघत उभे राहायचे. चहा घेतला तर घेतला. घरात एकदाही मोठ्यानं प्रार्थना केली नाही त्यांनी. पुढे त्यांनी संध्याकाळसाठी आणखी दोघांना तयार केलं, एक एसटीतले कंडक्टर आणि एक कॉलेजचा पोरगा. मिस्टर उठले नाहीत. शेवटपर्यंत पाठीला जखम मात्र झाली नाही, आणि मी अंथरूण धरलं नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं बाजेवर घालून आणतात. गर्दीमुळं आत शिरता येत नाही, म्हणून छप्पर उकरून बाज खाली सोडतात. आमच्या नगरकडची माळवदाची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच दिसतं: मातीचं धाबं, वर जायला जिना, कुदळ घेतली की भोक पडतं, आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती. (घरमालक काय म्हणाला असेल, ते मार्कानं लिहिलेलं नाही.) तिथं लिहिलं आहे की येशूनं "त्यांचा विश्वास" पाहिला. त्या चौघांचा, निदान चौघांचाही. बाजेवरचा माणूस काय म्हणत होता, त्याला प्रार्थना सुचत होती का, याचा एक शब्द नाही. सध्या तू बाजेवर आहेस. विश्वास धरून ठेवायचं काम काही दिवस दुसऱ्यांना करू दे.

पण त्यासाठी चौघांना बोलवावं लागतं. तू आशीर्वादाच्या आधी निघून येतेस, मग बाज धरायची कुणी? दारातल्या गर्दीला टाळ, ते मी समजू शकते. "कशी आहेस" हा प्रश्न लोक उत्तरासाठी विचारत नाहीत. तू असं कर. पाळकबाईंना फोन करून सांग, मंगळवारी संध्याकाळी तुम्ही एकट्याच या, आणि त्यांच्यासमोर ती पिशवी ठेव. "माझ्यासाठी प्रार्थना करा" असं मोघम सांगू नकोस. काम सांग. संडे स्कूलला मुलाला न्यायला-आणायला कुणीतरी हवं आहे. पीएफ ऑफिसला माझ्याबरोबर यायला कुणीतरी हवं आहे. त्यांच्या कबरीवर अजून दगड बसवलेला नसेल, तर तो ठरवायला कुणीतरी हवं आहे. काम सांगितलं की माणसं येतात. आपली मंडळी तशीच वाढली आहे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत कुणीतरी हात धरून मिशनच्या आवारात आणलेली पोरं, नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची सुरुवात तिथं आहे. माझी पणजी त्यातलीच. चालत आली नव्हती, उचलून आणली होती.

त्या पिशवीविषयी मीच थोडं सांगते, कारण फॉर्म बघून तुला घाबरायला होतं आहे. नोकरीत असताना कामगार गेला तर पीएफ ऑफिसकडून तीन गोष्टी मिळतात. साठलेली पीएफची रक्कम, तिचा फॉर्म २०. कुटुंबाची पेन्शन, तिचा १०-डी. आणि विमा, त्याचा ५-आयएफ. आता मृत्यूच्या दाव्यासाठी तिन्ही मिळून एकच फॉर्मही चालतो. विम्याची रक्कम पगारावर ठरते, जास्तीत जास्त ७ लाख. पेन्शनसाठी यांची नोकरी किती वर्षं झाली होती याची चिंता करू नकोस. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन बसते, आणि मुलाला तुझ्या पेन्शनच्या २५ टक्के वेगळी, तो २५ वर्षांचा होईपर्यंत. ग्रॅच्युइटी कंपनीकडून मागायची. एरवी तिला पाच वर्षांची अट असते, मृत्यू झाला तर ती लागत नाही. मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, दोघांची आधार कार्डं, बँकेचं पासबुक, आणि सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. प्रत्येक मंडळीत बँकेतून नाहीतर सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले एक तरी भाऊ असतात, ज्यांना घरी बसून कंटाळा आलेला असतो. त्यांना धर. पीएफ ऑफिसच्या रांगेत ते तुझ्या पुढे उभे राहतील आणि साहेबाशी इंग्रजीत भांडतीलही.

दिरांच्या कागदावर सही करायची नाही. ते मनानं चांगले असतील, मी वाईट म्हणत नाही. पण १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या नावावर जे असेल त्यातला एक तृतीयांश बायकोचा आणि दोन तृतीयांश मुलांचा. तुला एकच मुलगा, म्हणजे तो वाटा सगळा त्याचा. अल्पवयीन मुलाचा हिस्सा नुसत्या तुझ्या सहीनं विकता येत नाही, त्यासाठी कोर्टात जावं लागतं. हेच कारण दिरांना सांग, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही. "वकिलाला दाखवते, मग बोलू," म्हण. फ्लॅट विकायचा की नाही हे या वर्षी ठरवूच नकोस. पोराची शाळा तिथं, त्याचे मित्र तिथं, आणि त्याचा बाप ज्या क्वायरमध्ये गायचा तो क्वायरही तिथंच.

राहिलं, पहिल्यासारखी होशील का. नाही होणार. खोटं कशाला सांगू? बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातली नामी आठव. नवरा आणि दोन मुलगे परमुलखात पुरून ती बेथलेहेमला परत आली, तेव्हा गावातल्या बायकांना ती स्पष्ट म्हणाली की देवानं मला फार कडू दिवस दाखवले, मी भरलेली गेले आणि रिकामी आले. एकाही बाईनं तिला गप्प केलं नाही, असं बोलू नये म्हणून दटावलं नाही. पुस्तकाच्या शेवटी त्याच बायका तिच्या मांडीवरचं बाळ बघून देवाचा धन्यवाद करतात, आणि त्या बाळाचं नावही शेजारणीच ठेवतात, ओबेद. तिचा नवरा एलीमलेख मात्र परत आला नाही, मुलगेही आले नाहीत. तरी नामीचं घर भरलं. ते कसं भरलं? सुनेनं शेतात सरवा वेचला, एका नातेवाइकानं वेशीवर बसून दहा वडीलधाऱ्यांसमोर कागदपत्रांची बाजू निस्तरली, आणि शेजारणी येत-जात राहिल्या. मला तर त्या गोष्टीत देव असाच, माणसांच्या पायांनी येताना दिसतो.

पाळकबाई आल्या की मला कळव. आणि पुढच्या रविवारी आशीर्वाद घेऊन मग नीघ. तोही तुझाच आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीतल्या एका भावाची सूतगिरणीतली नोकरी गेली. दोन मुली शिकताहेत. तो आता उपासनेला येत नाही. आम्ही दोघं-तिघं त्याच्या घरी जायचं म्हणतोय, पण काय बोलावं ते कळत नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : न बोललं तरी चालेल. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं, इतकं की शेवटी देवच त्यांच्यावर रागावला.

तुमच्या भावाला लाज वाटते आहे, म्हणून तो येत नाही. त्यामुळं दोन गोष्टी कृपा करून करू नका. पुलपिटवरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, त्याचं नाव घेऊन "नोकरी गेलेल्या आपल्या बंधूसाठी" प्रार्थना मागू नका, आणि मदतीची रक्कम नोटीस बोर्डावर लावू नका. पैसे द्यायचे असतील तर बंद पाकिटात, त्याच्या बायकोच्या हाती, आणि मुलींची फी परस्पर शाळेत भरता आली तर आणखी चांगलं. त्याच्याकडं जाताना मदत घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. गिरणीतला माणूस आहे, हाताला यंत्र माहीत आहे. देवळातले पंखे आवाज करताहेत, जरा बघतोस का, असं म्हणा. बिनकामाच्या माणसाला आपली कुणाला गरज नाही हे सर्वांत जास्त टोचतं. पंखे बघायला तो शनिवारी येईल. रविवारचं रविवारी.

प्रश्न : मी पुण्यात होस्टेलला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन विषय राहिले, घरी सांगितलं नाही. खूप उदास वाटतं, कधीकधी नको ते विचार येतात. मित्र म्हणतो मानसोपचार तज्ज्ञाकडं जा. पण आमच्या युवक संघात म्हणतात, ख्रिस्ती माणसानं प्रार्थना करावी, त्याला असल्या डॉक्टरची गरज नाही. काय करू?
— एक युवक

उत्तर : डॉक्टरकडं जा. याच आठवड्यात. युवक संघातल्या कुणाचा पाय मोडला तर ते हाडाच्या डॉक्टरकडं जातात ना? शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि प्रेषित पौल त्याला "प्रिय" म्हणतो.

"नको ते विचार" रात्री आले तर सकाळची वाट बघू नको. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तो आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह कर, आणि त्या रात्री खोलीत एकटा राहू नको, मित्राला उठव. तो चांगला मित्र दिसतो, त्यालाच डॉक्टरकडं बरोबर ने.

विषय राहिल्याचं घरी सांगायला लागेल. फोनवर जमत नसेल तर तुझ्या गावच्या पाळकांना आधी सांग, ते बाबांच्या शेजारी बसलेले असताना तू फोन कर. प्रार्थना तर चालूच ठेव, तिच्यात आणि डॉक्टरमध्ये भांडण नाही. गोळ्या सुरू झाल्या तर बरं वाटायला लागल्यावर आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारूनच.